देशी बुद्धिबळाचा जुना पट का मोडत नाही?

देवणी : बुद्धिबळाचा पट मांडून मोहरे लावून झाले, की मराठवाड्यातील खेड्यांत पहिला प्रश्न पांढरे कोणाचे आणि काळे कोणाचे हा नसतो. 'प्यादे एक घर जाणार की दोन?' हा असतो. त्याचे उत्तर 'एक' असे आले, तर समोरचा माणूस देशी खेळणारा आहे हे कळते. पुढचा डाव मग आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या म्हणजे 'फिडे'च्या नियमपुस्तिकेप्रमाणे होत नाही. तो आजोबांनी नातवाला शिकवला तसा होतो. 'फिडे'ची स्थापना १९२४ मध्ये पॅरिसला झाली. त्याला शंभर वर्षे उलटून गेली. देशातील सर्व अधिकृत स्पर्धा याच नियमांनी होतात, शाळांतून तेच शिकवले जातात, मोबाईलवरही तेच आहेत. असे असताना काही खेळाडू जुन्या नियमांवर का अडून राहतात, याकडे हट्ट किंवा अडाणीपणा म्हणून पाहण्याची सवय पडली आहे. प्रत्यक्षात त्यामागे बरीच कारणे आहेत आणि त्यांतील काही खेळाच्या गाभ्यातून आलेली आहेत.

देशी पद्धत म्हणजे काय?

देशी बुद्धिबळाची एकच एक छापील नियमावली नाही. प्रांताप्रांतात, कधी शेजारच्या गावातही, बारीकसारीक फरक आढळतो. तरी मुख्य नियम बहुतेक ठिकाणी सारखे आहेत. पट तोच चौसष्ट घरांचा. राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा यांच्या नेहमीच्या चालीही त्याच. फरक सुरू होतो तो प्याद्यापासून. देशी डावात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे सरकते. दोन घरांची उडी नसल्याने, उडी मारून निसटणारे प्यादे वाटेतच मारण्याचा जो नियम नवशिक्यांना सर्वांत जास्त छळतो, त्याची गरजच उरत नाही.

दुसरा फरक राजाचा. आंतरराष्ट्रीय खेळात राजा व हत्ती मिळून किल्लेकोट करतात. देशी खेळात किल्लेकोट नाही. त्याऐवजी राजाला संपूर्ण डावात एकदाच घोड्याप्रमाणे अडीच घरांची उडी घेता येते. मात्र तोवर त्याला एकदाही शह लागलेला नसावा. एक साधा शह देऊन प्रतिपक्षाच्या राजाचा हा हक्क कायमचा काढून घेता येतो. त्यामुळे आंतरराष्ट्रीय खेळात निरर्थक ठरणारा शहसुद्धा इथे किमती ठरतो.

तिसरा फरक सर्वांत मोठा. प्यादे शेवटच्या घरात पोचले, की आंतरराष्ट्रीय नियमाने त्याचा हवा तो मोहरा करता येतो. व्यवहारात जवळजवळ नेहमी वजीरच केला जातो. देशीत प्यादे ज्या पट्टीत पोचेल त्या पट्टीचा मोहरा होते. कडेच्या घरात हत्ती, त्याच्या शेजारी घोडा, मग उंट. वजीर हवा असेल तर प्यादे राजाच्या किंवा वजिराच्या पट्टीतूनच न्यावे लागते. शिवाय बहुतेक ठिकाणी तो मोहरा आधी मारला गेलेला असावा लागतो. नसेल तर प्याद्याने सातव्या घरात ताटकळत उभे राहायचे. काही ठिकाणी घोड्याच्या घरात पोचून घोडा झालेल्या प्याद्याला लगेच, त्याच चालीत, एक उडी मारण्याची मुभा असते.

चौथा फरक डाव संपण्याच्या रीतीत आहे. एका बाजूचे सर्व मोहरे व प्यादी संपून राजा एकटा उरला, की 'बुर्जी' झाली. ही मात नव्हे. डाव बरोबरीत किंवा अर्ध्या मानाने सुटला असे धरले जाते. याचा अर्थ असा, की जिंकू पाहणाऱ्याने प्रतिपक्षाकडे किमान एक तरी मोहरा किंवा प्यादे जिवंत ठेवून मात केली पाहिजे. मातीलाही प्रतवारी आहे. वजिराने किंवा हत्तीने केलेली मात साधी. प्याद्याने केलेली 'प्यादेमात' मानाची. राजाला शह नाही पण हलायलाही जागा नाही, अशी कोंडी आंतरराष्ट्रीय नियमाने बरोबरी ठरते. देशी खेळात मात्र अनेक ठिकाणी अशी कोंडी करण्याचीच मनाई असते. कोंडी करणाऱ्याने दुसरी चाल शोधायची.

पाठांतराला वाव नाही

जुनी पद्धत न सोडण्याचे पहिले कारण इथेच सापडते. आंतरराष्ट्रीय डावात पांढऱ्याला पहिल्या खेपेस वीस चाली उपलब्ध असतात. देशीत प्याद्यांच्या आठ आणि घोड्यांच्या चार मिळून बारा. राजाची उडी पहिल्याच चालीला घ्यायचे कोणी ठरवले तर आणखी दोन. पर्याय कमी म्हणजे खेळ सोपा, असा समज होईल. पण तो खरा नाही. आंतरराष्ट्रीय डावात दोन्ही बाजूंची प्यादी पहिल्याच चालीत पटाच्या मध्यावर एकमेकांना भिडतात आणि तिथून पाठ केलेल्या सुरुवातींचे राज्य चालू होते. पंधरा-वीस चालींपर्यंत खेळाडू स्वतः विचार करतोच असे नाही. पुस्तक किंवा संगणक त्याच्या वतीने खेळत असतो. देशी डावात प्याद्यांना भिडायला दुप्पट चाली लागतात. तोपर्यंत दोघेही आपापल्या अंगणात मोहरे मांडत बसतात. काही ठिकाणी तर आरंभी दोघांनी आपल्याच अर्ध्या पटात ठरावीक संख्येच्या चाली एकदम करून घ्यायची रीत होती. ही मांडणी छापील पुस्तकातून येत नाही. पुस्तके विकत घेण्याची ऐपत आणि शिकवणी लावण्याची सोय ज्या गावात नाही, तिथल्या खेळाडूला हा खेळ बरोबरीच्या जागेवर उभे करतो. नव्या नियमांत त्याची हार बहुधा दहाव्या चालीच्या आत ठरते. जुन्या नियमांत तो तिसाव्या चालीलाही झुंजत असतो.

दुसरे कारण अंतिम अवस्थेतील गोडीचे. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळाच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकात पहिला धडा असतो तो एकट्या राजावर वजिराने किंवा हत्तीने मात कशी करावी याचा. देशी खेळाडूला तो धडा निरुपयोगी आहे, कारण समोरचा राजा एकटा उरताच बुर्जी होते. राजा व प्यादे विरुद्ध राजा, हा जगभरच्या अभ्यासकांनी पानेच्या पाने खर्चलेला शेवट तर इथे अस्तित्वातच येत नाही. त्याऐवजी नवाच पेच उभा राहतो. वरचढ बाजूला प्रतिपक्षाचा शेवटचा मोहरा जपावा लागतो, त्याला मारायचे नाही, हलायला जागा द्यायची, पण त्याने त्रास देऊ नये इतकाच वाव ठेवायचा. दुबळी बाजू आपला तो मोहरा मुद्दाम मारात नेऊन ठेवते, कारण तो गेला की बुर्जीने सुटका. हरणारा माणूस आपला शेवटचा शिपाई गळ्यात मारू पाहतो आणि जिंकणारा तो घ्यायला तयार नाही, असे दृश्य आंतरराष्ट्रीय पटावर क्वचितच दिसेल. त्यात प्यादेमातीची ईर्षा असेल तर हाती आलेली साधी मात सोडून देणारेही भेटतात. स्पर्धेच्या हिशेबाने हा वेडेपणा आहे. पण पारावर बसून खेळणाऱ्याला गुणतक्ता भरायचा नसतो. आठ दिवस सांगता येईल असा डाव हवा असतो.

प्याद्याच्या बढतीचा नियमही असाच. आंतरराष्ट्रीय डावात आठही प्यादी अखेरीस सारख्याच योग्यतेची, कारण कोणीही वजीर होऊ शकते. देशीत प्रत्येक प्याद्याचे भवितव्य त्याच्या पट्टीने ठरते, त्यामुळे कडेचे प्यादे आणि मधले प्यादे यांची किंमत पहिल्या चालीपासून निराळी. मोहरा मारताना प्यादे शेजारच्या पट्टीत शिरले तर त्याची 'जात' बदलते. वजीर पटावर असताना वजिराच्या पट्टीतले प्यादे सातव्या घरात पोचले, तर स्वतःचाच वजीर अदलाबदलीत देऊन टाकण्याचा मोह होतो. या हिशेबांची सवय झालेल्या माणसाला नवा नियम सरधोपट वाटला तर नवल नाही.

कल्याणी ते सांगली

या भागाला बुद्धिबळ परके नाही. देवणी हे कर्नाटकच्या सीमेला लागून असलेले तालुक्याचे ठिकाण. पूर्वी ते उदगीर तालुक्यात होते आणि उदगीर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बिदर जिल्ह्यात मोडत असे. त्याच बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण म्हणजे कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये बुद्धिबळाचे सविस्तर वर्णन आहे; दोघांनी खेळायचे आणि चौघांनी खेळायचे असे दोन्ही प्रकार त्यात येतात. सतराव्या शतकात नीलकंठ भट्ट यांच्या 'नीतिमयूख' या ग्रंथातही बुद्धिबळाचे प्रकरण आले. भट्टांचे हे घराणे काशीत नावारूपाला आले असले तरी मूळचे पैठणचे.

युरोपीय नियमांशी गाठ पडली ती कंपनी सरकारच्या काळात. १८१४ मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळाच्या कूटांचे पुस्तक इंग्रजीत प्रसिद्ध झाले. मूळ संस्कृत ग्रंथ 'विलासमणिमंजरी'. इंग्रजी पुस्तकाच्या शीर्षकातच, हे युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतले आहे, असा खुलासा छापला आहे. आवृत्ती बदलल्याची याहून जुनी आणि स्पष्ट कबुली भारतीय बुद्धिबळात शोधावी लागेल. १८२८-२९ च्या सुमारास मद्रास आणि हैदराबाद यांच्यात पत्राने सामना खेळला गेला, त्यात मद्रासच्या बाजूने गुलाम कासिम हा नामांकित खेळाडू होता. बंगालमध्ये मोहेशचंद्र बॅनर्जी यांनी जॉन कॉक्रेन या स्कॉटिश खेळाडूशी शेकडो डाव खेळले. त्यांतील अनेक डावांत बॅनर्जी प्यादी एकेक घर सरकवत उंट कोपऱ्यातून काढताना दिसतात. ज्यांना आज जगभर 'इंडियन डिफेन्स' म्हणतात त्या बचावांच्या नावामागे हीच देशी सवय आहे, असे बुद्धिबळाचे इतिहासकार मानतात. जुन्या नियमांनी लावलेले वळण नव्या नियमांतही उपयोगी पडले, त्याचा हा ठळक पुरावा.

त्याहून ठळक उदाहरण मीर सुलतान खान यांचे. १९०३ मध्ये पंजाबात जन्मलेला हा खेळाडू वडिलांकडून देशी बुद्धिबळ शिकला. सर उमर हयात खान यांनी त्याला पदरी ठेवले व युरोपीय नियम शिकवले. १९२८ मध्ये तो अखिल भारतीय विजेता झाला; १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकली आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत माजी जगज्जेता कापाब्लांका याला हरवले. सुरुवातीच्या चालींत तो कच्चा राही, मध्य आणि शेवट यांत मात्र भल्याभल्यांना भारी पडे, असे त्याच्या समकालीनांचे निरीक्षण होते. हा देशी शाळेचाच गुण आणि तिचाच दोष. भारतात परतल्यावर १९३५ मध्ये त्याचा सामना झाला तो व्ही. के. खाडिलकर या मराठी खेळाडूशी. दहा डावांपैकी एकच बरोबरीत सुटला, बाकीचे सुलतान खान यांनी जिंकले. 'फिडे'ने त्यांना मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर ५८ वर्षांनी.

पुढचा काळ आंतरराष्ट्रीय नियमांचा. १९५१ मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. १९५५ मध्ये एलुरू येथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचे अजिंक्यपद महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या यांना विभागून मिळाले. महाराष्ट्रात सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने भाऊसाहेब पडसलगीकर यांच्या धडपडीतून वर्षानुवर्षे स्पर्धा भरवल्या आणि नवे नियम खेड्यापाड्यांतील मुलांपर्यंत पोचवले. वासंती, जयश्री व रोहिणी या खाडिलकर भगिनींनी १९७४ पासून सलग दहा वर्षे राष्ट्रीय महिला अजिंक्यपद घराबाहेर जाऊ दिले नाही. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख हिने महिला विश्वचषक जिंकला. नियम बदलले नसते तर यातले काहीच झाले नसते, हे जुन्या पद्धतीच्या कट्टर समर्थकांनाही नाकारता येणार नाही.

'देशी' किती देशी?

जुन्याच्या बाजूने बोलताना एक गल्लत नेहमी होते. देशी नियम म्हणजे प्राचीन चतुरंगाचेच नियम, असे सांगितले जाते. ते बरोबर नाही. प्राचीन खेळात वजिराची चाल तिरपी एकच घर होती. वजिराला आणि उंटाला पटभर धावण्याची ताकद मिळाली ती पंधराव्या शतकाच्या अखेरीस, युरोपात. तिथून ती भारतात आली. म्हणजे आजचे देशी बुद्धिबळ हेसुद्धा जुन्या-नव्याचे मिश्रण आहे. देवणीकरांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. ज्या देवणी गोवंशाचे नाव गावामुळे देशभर झाले, तोही गीर, डांगी आणि स्थानिक जनावरांच्या संकरातून घडलेला. तरी वानेरा, बालंक्या, शेवरा असे त्याचे प्रकार ओळखून जपणारे शेतकरी त्याला देशीच म्हणतात, आणि ते योग्यच आहे. मूळ शुद्ध होते का यापेक्षा, एका ठिकाणी रुजून त्याला स्वतःचा गुण आला का, हा प्रश्न महत्त्वाचा.

जुन्या आवृत्तीवर ठाम राहण्याचा हा प्रकार केवळ इथलाच नाही. अमेरिकेत १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक पात्र होऊन खेळायचा खेळ काढला. त्याच्या नियमपुस्तकांच्या नव्या आवृत्त्या निघत गेल्या. २००८ मध्ये चौथी आवृत्ती आली तेव्हा असंख्य खेळाडूंनी ती नाकारली आणि आधीच्याच नियमांवर राहणे पसंत केले. इतके, की दुसऱ्या एका कंपनीने २००९ मध्ये त्या जुन्या नियमांच्या पायावर 'पाथफाइंडर' हा वेगळा खेळ बाजारात आणला आणि तो जोरात चालला. त्या खेळाडूंची कारणे ऐकली तर ओळखीची वाटतात : जुने नियम अंगवळणी पडले आहेत, सोबतच्या चौघांना तेच येतात, घरातली पुस्तके रद्दी का करायची, आणि नव्यात खेळाची जुनी चव नाही. फरक एवढाच, की त्यांच्याकडे जुनी पुस्तके छापील रूपात आहेत. देशी बुद्धिबळाचे नियम बव्हंशी माणसांच्या तोंडी आहेत.

आपल्याकडेच कबड्डीचे उदाहरण घ्या. हुतूतूच्या संजीवनी, गामिनी, अमर अशा निरनिराळ्या पद्धती खेळल्या जात. नियम लेखी झाले, बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होण्याची संजीवनीची रीत अधिकृत खेळात राहिली आणि १९९० मध्ये हा खेळ आशियाई स्पर्धेत पोचला. तिथे नियम बांधण्याचे काम इथल्याच माणसांनी केले, म्हणून जुन्यातले काय ठेवायचे हे त्यांना ठरवता आले. बुद्धिबळात नियम बाहेर बांधले गेले. इथल्या खेळाडूपुढे स्वीकारणे किंवा नाकारणे एवढेच उरले.

किंमत कोण मोजतो?

ती मुख्यतः मुलांना मोजावी लागते. घरी देशी शिकलेले मूल शालेय स्पर्धेत उतरते, तेव्हा पहिल्याच डावात समोरच्याचे दोन घरे चाललेले प्यादे त्याला लबाडी वाटते. किल्लेकोट पाहून ते गोंधळते. त्याने स्वतः सवयीने राजाची घोडाउडी घेतली तर ती बेकायदा चाल ठरते. 'फिडे'च्या नियमांप्रमाणे पहिल्या बेकायदा चालीला प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे वाढवून मिळतात, दुसऱ्या चालीला डाव गमवावा लागतो. ज्याच्या डोक्यात शेवटाचे सारे गणित बुर्जीभोवती फिरते, तो एकट्या राजाने वाचू असे धरून सर्व मोहरे देऊन टाकतो आणि मात खातो. खेळात तेज असलेले मूल एवढ्यानेच खचते व पुन्हा स्पर्धेला जात नाही. शिक्षकाला देशी नियम ठाऊक असतील तर हा फरक अर्ध्या तासात समजावता येतो. ठाऊक नसतील तर मूल 'चुकीचे' शिकले आहे, एवढाच शेरा मिळतो आणि घरी शिकवणाऱ्या आजोबांचाही त्यात अवमान होतो.

दुसरी किंमत नोंदींच्या अभावाची आहे. आंतरराष्ट्रीय डाव लिहून ठेवले जातात. पारावरचे डाव हवेत विरतात. एखाद्या गावात घोडा झालेले प्यादे लगेच उडी घेते आणि शेजारच्या गावात घेत नाही, हे सांगू शकणारी पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. एका साध्या वहीत हे नियम उतरवून घेता येतील. त्यासाठी विचारायचे प्रश्नही थोडेच आहेत. आरंभी एक चाल करायची की अनेक. राजाने उडी घेताना मोहरा मारलेला चालतो का. शह लागून आड मोहरा घातला तरी उडीचा हक्क जातो का. मोहरा पटावर असताना प्यादे थांबवायचे की पुढे जाऊ द्यायचे. राजाच्या पट्टीतील प्याद्याचे काय करायचे. बुर्जीला बरोबरी म्हणायचे की अर्धी जीत. कोंडी झाली तर चाल परत घ्यायची की डाव सोडायचा. सांगणाऱ्याचे गाव आणि त्याने खेळ कोणाकडून शिकला, हेही सोबत लिहिलेले बरे. कारण मराठी, कानडी आणि तेलुगू मुलूख जिथे एकमेकांना लागतात तिथे लेकीसुनांबरोबर आणि बाजारहाटाबरोबर पटाचे नियमही या गावाहून त्या गावाला गेलेले असतात.